गिअर उजव्या हाताला

आमच्या घरात एक वाटणी लग्नानंतर कधीतरी आपोआप झाली, आणि ती कुणी बोलून ठरवलेली नसल्यामुळं मोडायचंही कुणाला सुचलं नाही. हुबळीतली गाडी माझी, हायवे ह्यांचा. मी दातांची डॉक्टर. देशपांडे नगरात दवाखाना, लॅमिंग्टन रोडवर तेव्हा मुलीची शाळा, त्यामुळं गावातल्या सगळ्या फेऱ्या माझ्याच. रिक्षावाले, फूटपाथ सोडून रस्त्यानं चालणारी माणसं, उड्डाणपुलासाठी खणून ठेवलेले खड्डे, या सगळ्यांतून मी गाडी काढायची आणि शिवाय काच खाली करून चार शब्द कन्नडमधे सुनवायचीही. पण गाडीचं तोंड गावाबाहेर वळलं की मुकाट्यानं डावीकडच्या सीटवर जाऊन बसायची. मग आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान, आरसा आपल्या उंचीला लावायचे, एकदा खाकरायचे आणि थेट पुण्यापर्यंत चाक सोडायचे नाहीत.

युरोपही त्यांच्याच वाटणीला आला होता. बेत जुना, मुलगी शिकून बंगळूरला नोकरीला लागली तेव्हापासूनचा. पॅकेज टूरवर आम्हा दोघांचाही राग. आमच्या ओळखीतली माणसं त्या टूरवरून परत येतात ती दमलेली, आणि कुठल्या देशात वरणभात मिळाला एवढंच सांगतात. आम्हाला गाडी हवी होती. ॲमस्टरडॅमला भाड्यानं घ्यायची, ऱ्हाईन नदीच्या कडेकडेनं खाली यायचं, ब्लॅक फॉरेस्टमधून निघून आल्प्सचे घाट चढायचे आणि पलीकडं उतरून एड्रियाटिक समुद्राला गाडीचं नाक लावायचं. वाटेत मनाला येईल तिथं थांबायचं, आणि जिथं आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही अशा गावात रात्री झोपायचं. वकीलसाहेब कोर्टातून आले की चहा घेता घेता फोनवर त्या घाटांचे व्हिडिओ बघत बसायचे. एका घाटाची वळणं मोजता मोजता त्यांचा चहा रोज गार व्हायचा. मला म्हणायचे, तू फक्त बघत बस, बाकी माझ्यावर सोड. मला ते ऐकायला बरंही वाटायचं, खोटं कशाला सांगू.

मग त्यांचा डोळा गेला. अगदी गेला असं नाही, पण बायपासवरची पांढरी रेघ मधेच वाकडी दिसते म्हणाले, आणि मला वाटलं रेघ मारणाऱ्यानंच वाकडी मारली असेल, आमच्या बायपासचं काय सांगावं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय. इंजेक्शनं चालू झाली. आहे ते टिकेल, म्हणाले, पण गाडी चालवणं आता बंद. घरी आल्यावर वकीलसाहेबांनी किल्ली फ्रीजवर ठेवली आणि म्हणाले, "युरोप राहिला." आवाज अगदी साधा, दूध संपलंय म्हणावं तसा.

"राहिला कशानं? मी चालवते," मी म्हटलं.

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून निघून गेलं आणि मग दोघंही त्याच्याकडं बघत बसलो. हे हसले नाहीत, एवढं बरं केलं. वकिलाच्या सवयीनं एकेक मुद्दा मांडायला लागले. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. चाक डावीकडं असतं. गिअर उजव्या हातानं टाकायचा. गोल चौकात उलटं फिरायचं. मी म्हटलं, जन्मभर मी माणसांच्या तोंडात आरसा घालून, आरशातलं उलटं बघून दात कोरले, मला उलट्याचं काय सांगता. हे बोलताना माझा ताठा असा होता की दवाखान्यातली खुर्चीसुद्धा घाबरली असती. पण एक गोष्ट मला त्याच क्षणी लख्ख कळली. मला ही ट्रिप हवी होती, आणि चाक माझ्या हातात असलेलीच हवी होती. ह्यांनी इतकी वर्षं जो रस्ता फोनवर बघितला, तो मला त्यांना दाखवायचा होता.

आता अक्कांना मधे आणायला हवं. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. धारवाडला राहतात, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. आई लवकर गेल्यामुळं ह्यांना त्यांनीच वाढवलं, आणि ते वाढवणं अजून संपलेलं नाही. अक्कांच्या मते जगात दोनच प्रकारची गावं असतात: आपलं माणूस असलेली, आणि जायची गरज नसलेली. आमच्याकडची ही रीतच आहे म्हणा. बेळगावला आत्या असताना लॉजवर उतरलात तर आत्या मेल्यावरसुद्धा ते काढलं जातं. तर अक्कांना डोळ्याचं कळलं, माझं "मी चालवते"ही कळलं, आणि त्यांनी लगेच फोन उचलला.

आठवडाभरात त्यांनी सगळा युरोप लावून टाकला. आइंडहोवनला त्यांच्या नणंदेचा मुलगा, त्यानं आम्हाला विमानतळावरून घ्यायचं, दोन दिवस ठेवून घ्यायचं आणि आपल्या गाडीनं फ्रँकफर्टला पोचवायचं. फ्रँकफर्टला अक्कांचा स्वतःचा मुलगा, त्यानं रजा टाकून आम्हाला म्युनिकला सोडायचं. म्युनिकला धारवाडच्या शेजाऱ्यांची मुलगी, तिच्या नवऱ्यानं तिथून झ्युरिच. झ्युरिचला ह्यांच्या एका अशिलाचा पुतण्या, त्यानं विमानात बसवून द्यायचं. प्रत्येक घरी पेढे, शेंगाचटणी आणि मेतकूट पोचवायचं, कुणाला किती तेही ठरलं. एड्रियाटिक समुद्राला आपलं कुणीच नाही, म्हणून तो गाळला.

फोनवर हे सगळं ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही दोघं म्हणजे माणसं राहिलोच नव्हतो, मेतकुटाच्या पुड्यांबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा माल झालो होतो. मी अक्कांना तसं म्हणालेही, जरा सौम्य करून. त्यावर अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं की धारवाडच्या पुढं तू कधी गाडी नेली आहेस का. नव्हती नेली. मग त्या म्हणाल्या, "माझा भाऊ मी लग्नात तुझ्या हातात दिला. चाक दिलं नव्हतं." आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. कुकर, परात, जे हाताला लागेल ते. हे दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, तुमची बहीण, तुमचे भाचे, तुम्हाला सोपं पडत असेल तर जाऊ या तसंच, माझं काही नाही. अर्थात माझं सगळंच होतं, आणि ते त्यांना कळत होतं. त्यांनी परात माझ्या हातातून काढून घेतली.

"मला मागच्या सीटवर बसून युरोप बघायचा नाही," ते म्हणाले, "तुझ्या शेजारी बसून बघायचाय. जमेल का, हे मला माहीत नाही. पण आधी बघू तरी की."

बघायची सोय झाली ती बेलूरला. धारवाडच्या पुढं, बेळगाव रस्त्यावर, बेलूरच्या इंडस्ट्रियल एरियात ह्यांच्या एका शाळूसोबत्याची फाउंड्री आहे. पंपाचे सुटे भाग ओततात. या मित्राकडं एक जुनी जीप होती, लढाईच्या काळातली, त्यांच्या वडिलांनी लिलावात घेतलेली. तिचं चाक डावीकडं. वर्षातून एकदा खंडेनवमीला तिला हार घालायचा आणि परत शेडमधे लोटायची, एवढाच तिचा उपयोग. मित्राला आमची अडचण कळल्यावर तो म्हणाला, रविवारी कारखाना बंद असतो, आवार मोठं आहे, या आणि माझी जीप मोडा.

पहिल्या रविवारी हुबळीहून बेलूरपर्यंतची आमची स्वतःची गाडी मीच नेली. तोच माझा पहिला हायवे. बायपासवर एक ट्रक मला इतका खेटून गेला की मी राम म्हटलं, पण गाडी सरळ राहिली. तिथं पोचले तर मित्रानं आवारभर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून ठेवलेल्या. मधोमध एक रिकामं पिंप, तो गोल चौक. वॉचमनला सायकल देऊन सांगून ठेवलेलं की आज आपल्याकडं उजवीकडून चालायचं, तू समोरून येणारी मोटार आहेस. वॉचमनला हा सगळा प्रकार फार आवडला. तो तोंडानं हॉर्नही वाजवायचा.

आरशातल्या कामाची माझी बढाई पहिल्याच दिवशी उतरली. गिअर टाकायची वेळ आली की डावा हात आपणहून बाहेर जायचा, आणि त्या जिपेला दारच नसल्यामुळं हवेत लोंबकळायचा. उजव्या हातानं पहिला टाकायला गेले की दातावर दात घासल्यासारखा आवाज यायचा. पिंपाला डावीकडून वळसा घातला, मग उजवीकडून घातला, मग पिंपच पाडलं. वॉचमनची सायकल दोनदा फाउंड्रीच्या वाळूच्या ढिगात गेली. मित्र हसून हसून लोळायचा बाकी होता. मी चिडून इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना कन्नडमधून झापलं, जिपेलासुद्धा. वकीलसाहेब शेजारी बसून होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की परत पिंप उभं करायला सांगू का. मी म्हटलं, सांगा.

असे बरेच रविवार गेले. ह्यांनी आपलं काम वाटून घेतलं. जवळचं बारीक त्यांना नीट दिसत नव्हतं, पण रस्ता, वळण, समोरून येणारं माणूस दिसत होतं, आणि रस्त्यांची नावं तर पाठच होती. वळण यायच्या आधी ते शांत आवाजात सांगायचे: आता उजवं जवळचं, आता डावं लांबचं. म्हणजे उजवीकडं वळताना जवळच्या लेनमधे शिरायचं आणि डावीकडं वळताना पलीकडच्या. कोर्टात साक्षीदाराला प्रश्न विचारावा तसं, घाई नाही, आवाज चढवणं नाही. मग एका रविवारी काय झालं कोण जाणे, मी पिंपाला फेरी घालून बाहेर पडले, दुसरा टाकला, तिसरा टाकला, वॉचमन हॉर्न वाजवत समोरून आला, त्याला डावीकडून जाऊ दिलं, आणि शेडच्या कोपऱ्यावर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हाताचा विचारच केला नव्हता. हात आपला गेला होता. मी जीप तिथंच थांबवली आणि मोठ्यानं हसत सुटले. इतकी खूश मी दवाखान्याचं उद्घाटन झालं तेव्हाही नव्हते.

त्यानंतर परदेशात गाडी चालवायचा परवाना काढायला आम्ही दोघं ऑफिसात गेलो. खिडकीतल्या माणसानं माझ्या अंगावरून हात पुढं करून ह्यांच्याकडं लायसन्स मागितलं. हे म्हणाले, मी नुसता बरोबर आलोय, यांचं काम आहे. त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या खालच्या दाढेला कीड होती, बोलताना दिसत होती. मी तेही सांगून आले.

अक्कांना हे सगळं कळत होतंच. धारवाडात कुणाला काय कळत नाही. एका रविवारी फाउंड्रीच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि छत्री घेऊन अक्का उतरल्या. सरळ येऊन जिपेच्या मागच्या बाकावर बसल्या, पदर खोचला आणि मला हातानं खूण केली, चल. मी त्यांना सगळं आवार फिरवलं, पिंपाला फेऱ्या घातल्या, वॉचमनला आडवं यायला लावलं, मागं घेऊन दाखवली. एकदाही चुकले नाही. उतरल्यावर त्या म्हणाल्या की कारखान्याच्या आवारात कुणीही चालवेल. खरं बघायचं तर मला कोल्हापूरला नेऊन आण. अंबाबाईचं दर्शन करून दिवस मावळायच्या आत परत. मग मी सगळ्यांना फोन करून आपापल्या रजा रद्द करायला सांगते, नाहीतर तू आपली पेढे मोजायला लाग. ही अट त्यांनी घातली, आणि मी दुसरा विचार न करता घेतली.

कोल्हापूरला निघालो ते उजाडताच, आमच्याच गाडीनं. चाक माझ्याकडं, हे शेजारी, अक्का मागं. हा रस्ता सहा पदरी करायचं काम चालू होतं, म्हणजे रस्ता कमी आणि वळवलेल्या वाटा जास्त. कुठं सगळी वाहनं पलीकडच्या बाजूला घातलेली, कुठं नुसत्या मातीच्या गोण्या. अक्का आरशात दिसत होत्या. डोळे सताड उघडे, आणि समोर ट्रक आला की त्या आपल्या पायानं गाडीच्या तळाला ब्रेक मारत होत्या. पण बेळगाव गेलं, संकेश्वर गेलं, निपाणीच्या अलीकडचा तवंदीचा घाट मी तिसऱ्या गिअरवर असा उतरवला की ह्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याची किंमत मलाच माहीत. कोल्हापुरात दर्शन झालं, जेवण झालं. अक्कांनी माझ्या ओंजळीत प्रसाद घातला, पण पुडी बांधल्यासारखा.

परतताना घाट चढून वर आलो आणि संकेश्वरच्या आसपास चहाला थांबलो. हॉटेल हायवेच्या बाजूच्या लहान रस्त्यावर होतं, मधे दुभाजक नसलेला, दुपारची वेळ, चिटपाखरू नाही. चहा चांगला होता. मी खुशीत होते. सगळं संपत आलं होतं, आता काय, दोन तासांत धारवाड. हॉटेलच्या फाटकातून गाडी बाहेर काढली, छान वळवली, दुसरा टाकला, तिसरा टाकला आणि पुढच्या वळणावर थेट समोर सरकारी बस.

ती माझ्या बाजूला आली होती असं मला आधी वाटलं. मी हॉर्नवर हात ठेवला, तो दाबायच्या आधीच कळलं, मी तिच्या बाजूला आहे. रस्त्याच्या उजव्या बाजूला. दर रविवारी शिकलेलं सगळं माझ्या हातांनी नको त्या जागी इमानदारीत करून दाखवलं होतं. दोन्ही गाड्यांचे ब्रेक लागले. बसचं तोंड माझ्या काचेसमोर इतकं जवळ की पुढचा झेंडूचा हार स्पष्ट दिसत होता. ह्यांचा हात त्यांच्याच गुडघ्यावर होता, चाकाकडं आला नाही.

मी हॉर्नवरचा हात काढला. आरशात मागचा रस्ता बघितला, मोकळा होता. गिअर मागं टाकला आणि गाडी हळूहळू, सरळ, वाकडी न करता हॉटेलच्या फाटकापर्यंत मागं नेली. तिथून डावीकडं घेतली आणि थांबले. बस पुढं येऊन माझ्या खिडकीशी थांबली. ड्रायव्हर वरून वाकला. आता आई-बहीण ऐकायची तयारी मी ठेवली होती, पण मागं अक्कांचे पांढरे केस दिसले म्हणून की काय, तो बऱ्यापैकी सभ्यपणे विचारता झाला, "येल्लि होंटीरि, अक्का?" कुठं निघालात, ताई.

"युरोपिगे," मी म्हटलं. डोकं ठिकाणावर नव्हतं, खरं तेच तोंडातून निघालं.

तो बसभर ऐकू जाईल असा हसला. "छलो आतु, होगि बर्रि," म्हणाला. बरं झालं, जाऊन या. आणि गेला.

पुढं धारवाडपर्यंत गाडीत कुणी हसलं नाही. मी नीट चालवली, अगदी परीक्षेला बसल्यासारखी, पण त्याचा आता काय उपयोग. डोळ्यांपुढं आइंडहोवन, फ्रँकफर्ट, म्युनिक अशी रांग दिसत होती, प्रत्येक दारात कुणीतरी गाडीची किल्ली घेऊन उभं. रडू येत होतं आणि रडले तर रस्ता दिसणार नाही म्हणून दाबत होते. बेळगाव मागं पडल्यावर हे हळूच म्हणाले की चूक माझीही आहे, तू वळलीस तेव्हा मी तिकडंच बघत होतो, आणि मला ते बरोबरच वाटलं. माणूस वकील आहे, पण बायकोच्या बाजूनं साक्ष देताना त्याला आपण आरोपीच होतोय हे कळलं नाही. मला त्यांचं इतकं वाटलं त्या वेळी, सांगता येत नाही.

ऊन अजून अंगणात होतं तेव्हा अक्कांच्या दारात पोचलो. अट पाळली होती तेवढी. अक्का उतरल्या, चपला काढल्या, देवाला प्रसाद ठेवला आणि फोन घेऊन खुर्चीत बसल्या. ऐकू कमी येतं म्हणून त्या नेहमी स्पीकर लावतात. मी चहा टाकायला आत गेले, पण चहा टाकलाच नाही, ओट्याला धरून उभी राहिले. आतून सगळं ऐकू येत होतं. पहिला फोन फ्रँकफर्टला, पोटच्या मुलाला.

त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाल्या, रजा टाकू नकोस. म्युनिकच्या जावयालाही सांग, आणि तुझ्या आत्याच्या मुलालाही. कुणी कुणाला कुठं सोडायचं नाही. मुलगा गोंधळला. त्यानं विचारलं की मग मामाला डोळ्याचं असं असताना हे लोक येणार कसे, मामी कोल्हापूरला नीट गेल्या का.

"चुकली," अक्का म्हणाल्या. "संकेश्वरला बससमोर उलटी गेली."

पलीकडून जोरात "काय?" ऐकू आलं.

"चुकली, आणि गाडी मागं घेतली," अक्का पुढं बोलल्या. "आपल्या घरात तुझे आजोबा चालवायचे, तुझे बाबा चालवायचे, आता तू चालवतोस. चुकल्यावर एकानं तरी गाडी मागं घेतलेली मी बघितली नाही. आधी समोरच्याशी भांडायचं, मग माझ्याकडं बघायचं, मग जमलं तर मागं. हिनं आवाजही केला नाही. मी इतकी वर्षं गाडीत मागं बसले रे, आज सकाळीसुद्धा पाय दाबत होते, पण त्या बससमोर पहिल्यांदा दाबला नाही. दाबायच्या आधीच गाडी मागं निघाली होती."

मी ओट्याशी उभी राहून पदरानं डोळे पुसले. एका पुसण्यानं भागलं नाही. बाहेरच्या खोलीतून ह्यांच्या खाकरण्याचा आवाज आला, तो नेहमीचा गाडी सुरू करायच्या आधीचा नव्हता.

फ्रँकफर्टहून मुलगा अजून काहीतरी म्हणत होता. आई, तिकडच्या रस्त्यांवर वेग फार असतो, मामाला घेऊन इतक्या लांब कोण येणार, निदान माझ्याकडं तरी कधी पोचतील ते सांग, मी स्टेशनवर घ्यायला येतो. अक्कांनी त्याला मधेच तोडलं. मुख्याध्यापिकेचा तो आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

"मामाला कोण आणणार, ते मला विचारू नकोस. गाडी तिची आहे. तुझ्या घरी यायला तिला वेळ आहे का, ते तिला विचार."

आणि त्यांनी मला हाक मारली. मी हात पुसत बाहेर आले, फोन घेतला. पलीकडून भाच्यानं जरा अडखळत, चांगल्या आवाजात विचारलं की मामी, आमच्याकडं येणार ना.

मी ह्यांच्याकडं बघितलं. मग म्हटलं, "बघते. वाटेत पडलं तर येऊ."